तिसरी चूल

१६ जून
कृषी केंद्रवाल्यानं डायरी दिली. अर्धं वर्ष उलटल्यावर डायरी वाटणारा दुकानदार आमच्या आर्णीतच सापडायचा. मागच्या वर्षीचा माल असता तर त्यानं आनंदानं तोही दिला असता. असो. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. आम्ही बंजारे, घरात गोरबोली बोलतो, तांड्याबाहेर वऱ्हाडी, आणि लिहायला बसलो की हात शाळेच्या मराठीतच चालतो, घरच्यांचं बोलणं तेवढं वऱ्हाडीत उतरतं. राग आला की इथे लिहायचं असं ठरवलंय. म्हणजे डायरी वाया जाणार नाही.

आज मात्र राग नाही. सून ममता आजपासून आर्णीच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून लागली. आमच्या तांड्यातली पहिली नर्स, रूपसिंगची सून. शाम तिला गाडीवर सोडून आला आणि मग आपलं पंक्चरचं दुकान उघडलं. पगार ममताच्या खात्यात येईल. कार्ड मी माझ्याकडे ठेवलंय. घरातला पैसा एका हातातून जावा, हे मी माझ्या बापाकडून शिकलो.

२३ जून
जुना ट्रॅक्टर घ्यायचा विचार आहे. बँकेला उत्पन्नाचा दाखला पाहिजे म्हणून सेतू केंद्रात गेलतो. तिथला पोरगा विचारतो, "काका, वर्षाचं किती लिहू?" मी ममताचा पगार धरला, शामचं दुकान धरलं, कापूस, तूर, सोयाबीन सगळं चांगलं पिकलं असं धरलं आणि आकडा सांगितला. पोरगा माझ्याकडे पाहतच राहिला. म्हणाला, "एवढं लिहू?" म्हटलं, "लिही." आजूबाजूला ओळखीचे चार जण बसले होते. त्यांनीही ऐकलं. मिशीवर हात फिरवून बाहेर आलो.

१० जुलै
काल माझ्या बायकोचे, बिजलीचे, सरकारी योजनेचे पंधराशे आले. मेसेज माझ्या फोनवर येतो, कारण अर्जात नंबर माझा आहे. तिला सांगितलं तर तिनं डोक्यावरची ओढणी सारखी केली, ममताला घेऊन आर्णीला गेली आणि पैसे काढून आणले. आज सकाळी म्हणते, "फुलसावंगीले बहिणीकडे जाऊन येतो." जाऊ का, असं नाही विचारलं. जाऊन येतो, असं सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं सांगणं गेल्या वर्षापासूनच सुरू झालंय. सरकारनं बायांना पैसे दिले, ते द्यायला माझी हरकत नाही, पण तोंड कशाला दिलं?

त्याच पैशातून तिनं मागे चष्मा केला होता. आता रोज दुपारी तो लावून फेटियाला, म्हणजे आमच्या बायांच्या घागऱ्याला, आरसे टाकत बसते. तांड्यातल्या एका पोरीच्या लग्नाचा फेटिया आहे म्हणे. मी म्हटलं, सरकार काय आरसे टाकायला पैसे देते? तर म्हणते, "कायले पायजे ते त्यानं मले इचारलं नाई."

२२ ऑगस्ट
पोळा. बैल सजवले, पण मन लागलं नाही. ह्या महिन्यात तांड्यातल्या सगळ्या बायांचे पंधराशे आले आणि बिजलीचे आले नाहीत. ती दोनदा येऊन मला म्हणाली, "फोन पाहा बरं." मी पाहिला. कंपनीचे रिचार्जचे मेसेज होते, दुसरं काही नाही.

२६ ऑगस्ट
आज तहसीलला जाऊन आलो. खिडकीतल्या बाबूनं कंप्युटर माझ्याकडे वळवला. म्हणाला, एका रेशनकार्डावर जेवढे लोक, तेवढ्यांची कमाई एकत्र धरली जाते, आणि तुमची कमाई मर्यादेच्या वर गेली. मी म्हटलं, कोणी सांगितलं तुम्हाला? तो म्हणाला, दाखला आहे. मी म्हटलं, कोणाचा दाखला? तर खिडकी बंद करून चहाला गेला. हे असे लोक. सुनेनं चार पैसे कमवावेत आणि सासूचे बंद व्हावेत, हा कुठला न्याय? म्हणजे गरिबानं वर यायचंच नाही. आणि आलाच, तर मागे वळून बघायचं की घरातल्या कोणाच्या ताटातून काय गेलं.

कोणीतरी चुगली केली हे नक्की. शेजारचा लखन असणार. ममताला नोकरी लागली तेव्हापासून त्याचं पोट दुखतंय. येताना तो रस्त्यात भेटला, राम राम म्हणाला. मी मान फिरवली.

घरी येऊन बिजलीला समजावून सांगितलं. म्हटलं, पंधराशेचं काय घेऊन बसलीस, आता घरात पगार येतो, काही लागलं तर माझ्याकडे माग. मी कधी नाही म्हटलंय का? संध्याकाळी लगेच मागायला आली. चष्म्याची एक दांडी निघाली, ती बसवायला पैसे पाहिजेत म्हणे. मी एवढंच विचारलं, कायले? दोऱ्यानं बांध ना. कापूस घरात येऊ दे, मग नवा चष्मा घेऊ. तिनं काळ्या दोऱ्यानं बांधला. चाललाच ना? उगाच खर्च झाला असता.

१४ सप्टेंबर
ह्या बाईनं आता एक नवीन कुरापत काढली आहे. माझ्याकडे काही मागायचंच बंद केलंय. सकाळी तंबाखू नाही म्हणून माझ्या डबीकडे पाहत होती. मी डबी पुढे केली तर नको म्हणाली. मी विचारलं, काय झालं? म्हणते, काही नाही. माणसानं काय समजायचं? मी काय कंजूस आहे? मागितलं तर देतो. फक्त कायले पाहिजे ते विचारतो. घर चालवणाऱ्यानं एवढंही विचारू नये का?

ममता मध्ये बोलली. सासूला ती याडी म्हणते, म्हणजे आई. म्हणाली, "बाबा, माह्या पगारातले थोडे याडीच्या हातात देत जाऊ?" मी ओरडलो. ह्या घरात देणारा हात एक आहे, आणि कालच्या सुनेनं मला शिकवायचं नाही. शाम खाली मान घालून जेवत होता. दोघी आत गेल्या आणि मग बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता. कशावर हसत होत्या कोणास ठाऊक.

२१ ऑक्टोबर
आज काळी आमावस, दिवाळीची. आमच्यात ह्या संध्याकाळी बिनलग्नाच्या पोरी हातात दिवे घेऊन घरोघर फिरतात, घरातल्या प्रत्येकाला ओवाळतात आणि मेरा मागतात. ज्याला ओवाळलं त्यानं आपल्या हातानं काहीतरी द्यायचं. पूर्वी आमच्या घरचा मेरा मीच द्यायचो. मागच्या वर्षी बिजलीनं स्वतःच्या पैशातून प्रत्येक पोरीच्या हातात एकेक कोरी नोट ठेवली होती. वर्षभर तांड्यात त्याचं कौतुक चाललं होतं. मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

आज पोरी आल्या. तांड्याच्या नायकाची नात पुढे होती. मला ओवाळलं, मी दिले. मग ती बिजलीकडे वळली. बिजलीचा हात रिकामा. मी लगेच खिशातून काढून पोरीच्या पुढे धरले आणि म्हटलं, घे, ह्या याडीच्या वाटचे. ह्यात माझं काय चुकलं? बिजलीनं माझा हात खाली केला. पोरीला म्हणाली, "दिवा घेऊन जाय माय. माह्याजवळ माहं असंल तवा ये." सगळा तांडा अंगणात उभा होता. लखनही होता. दिवा माझ्या दारातून तसाच परत गेला. माझ्या बापाच्या दारातून कधी गेला नव्हता.

तिला विचारलं, माझे पैसे काय चोरीचे होते? तर म्हणते, "तुमचे होते."

२७ ऑक्टोबर
तिच्याशी बोलणं बंद. सोयाबीन पावसानं काळं पडलं, त्याचा भाव ऐकून व्यापाऱ्याशीही भांडलो. ट्रॅक्टरचं विचारायला बँकेत गेलतो. बँकवाला म्हणाला, जामीनदार आणा. म्हटलं, एवढ्या मोठ्या उत्पन्नाचा दाखला दिला ना तुला? तो म्हणाला, "काका, दाखल्यावर ट्रॅक्टर नाई भेटत. आता तं हे दाखले सगळीकडे दिसतात, आधारवर चढतात. जपून काढत जा."

येताना बसमध्ये डोक्यात प्रकाश पडला. तहसीलच्या बाबूनं दाखवला तो दाखला माझाच. पण मी म्हणतो, मी लिहिलं म्हणून काय झालं? कोणताही माणूस बँकेसाठी थोडं वाढवूनच सांगतो. वाचणाऱ्यानं समजून घ्यायला नको? अक्कल घरी ठेवूनच ऑफिसात येतात हे लोक. घरी कोणाला काही सांगितलं नाही.

२ नोव्हेंबर
रस्ता सापडला. सेतूवाला पोरगा म्हणाला, रेशनकार्ड वेगळं करा. एका कार्डावर तुम्ही आणि काकू, दुसऱ्यावर शाम आणि ममता. तुमची दोघांची कमाई मर्यादेत बसते. फक्त पडताळणीला अंगणवाडीच्या विमलताई येतील, त्या चूल वेगळी आहे का ते पाहतील.

बिजलीला सांगितलं की तुझे पैसे मी परत आणतो की नाही बघ. मला वाटलं, खूश होईल. ती म्हणाली, "फोन नंबर तुमचाच टाकान?" म्हटलं, मग कोणाचा? तुला वाचता येतं का?

शाम म्हणतो, "कागदावर करून टाका ना बाबा. नायकाले कायले बोलावता?" ह्या पोराला काही कळत नाही. तांड्यात चूल वेगळी होते ती नायकासमोर, गूळ वाटून. चोरून केली तर उद्या विमलताईंना लखनच सांगेल की खोटं आहे. मी सगळं रीतीनं करणारा माणूस आहे.

९ नोव्हेंबर
मी रूपसिंग, आज माझ्या अंगणात माझी शोभा झाली ती मी स्वतः बोलावून घेतली.

खेमसिंग नायक आला. तांड्यातले जाणते बसले. बाया भिंतीकडेला. नायकानं गुळाची ढेप समोर ठेवली. आमची रीत अशी की नायक प्रत्येक बाईला विचारतो, तुझी चूल कोणासंगं. तिनं सांगितलं की तिच्या हातात गूळ देतो, ती खाते, आणि मग तीन दगड मांडून चूल पेटते. पुरुषाला विचारत नाहीत, कारण चूल पेटवत नाही तो. हे मला ठाऊक होतं. पण विचारणं म्हणजे नावापुरतं असतं, आतापर्यंत कोणत्या बाईनं दुसरं काही सांगितलंय?

ममताला विचारलं. "शामसंगं." गूळ दिला. मग बिजलीकडे वळला. मी म्हटलं, नायका, हिला काय विचारता, ही माझ्याच चुलीवर. तो म्हणाला, "इचारा लागते रूपसिंग. तिनं गूळ खाल्ला तरच चूल पेटते."

बिजली उभी राहिली. दोऱ्यानं बांधलेला चष्मा नाकावर. म्हणाली, "मले तिसरी चूल पायजे."

नायक म्हणाला, "कोनासंगं?"

"माह्यासंगं."

मग मी बोललो, खूप बोललो, ते इथे लिहीत नाही. नायकानं तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि मला म्हणाला, "रूपसिंग, मले कोनं बोलावलं? तूच ना?" मी म्हटलं, ते सरकारी कागदासाठी होतं. तो म्हणाला, "कागदासाठी तहसील हाय. मी इथं खरं इचारतो, खरंच आयकतो." आणि ढेपेचा दुसरा तुकडा तोडून बिजलीच्या हातावर ठेवला. तिनं तिथेच खाल्ला. बायांच्या घोळक्यात कोणीतरी हसलं.

गोठ्याच्या भिंतीला तिनं तीन दगड मांडले. पडवीतली गोधडी ओढून तिकडे नेली. माझ्या डोळ्यांसमोर.

१५ नोव्हेंबर
डाळ करपली. भाकरी थापता येत नाही. मुद्दा तो नाही. मुद्दा हा की सकाळी बिजली कापूस वेचायला गेली ती लखनच्या वावरात. मजुरीनं. माझा कापूस वेचायचा पडलेला, आणि ही लखनच्या शेतात. विचारायला गेलो तर म्हणते, "तुमच्या वावरात बी येतो. मजुरी लखन देते तेवढीच द्या." माझ्या बायकोनं मला मजुरीचा भाव सांगितला.

संध्याकाळी ममता समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाबा, नायकानं चूल वेगळी केली. माहं कार्ड द्या." मी कार्ड फेकलं. तिनं वाकून उचललं, पुसलं आणि पाया पडून गेली. पाया पडली म्हणून जास्तच राग आला, ओरडताही येईना.

३० नोव्हेंबर
नवीन कार्ड आलं. त्यावर मी आणि बिजली. फोटोत दोघं शेजारी शेजारी.

४ डिसेंबर
विमलताई उद्या येणार असा निरोप आला. बिजलीच्या चुलीपाशी जाऊन म्हटलं, एक दिवस इकडे येऊन स्वैपाक कर, विमलताई पाहून जाऊ दे, मग परत जा. ती तूर निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "नायकासमोरची चूल एका दिवसासाठी इझवत नाई कोनी."

"मंग पैसे जातीन तुहे."

"जाऊ द्या."

असा हट्ट मी बैलातही पाहिला नाही. हिच्यासाठी मी तहसीलचे हेलपाटे घातले, नायकाला बोलावलं, लोकांत मान घालवली. पैसे तिचे, आणि त्यांची काळजी मला.

५ डिसेंबर
विमलताई आल्या. गावातल्या कुणब्याच्या घरच्या, बोलायला साध्या पण डोळा तीक्ष्ण. शामची चूल पाहिली, ठीक. माझ्याकडे आल्या. माझ्या चुलीवर काल रात्रीची कढई पडली होती. मग गोठ्याकडे पाहिलं. तिकडे जाळ होता, भाकरीचा वास होता, बिजली बसली होती.

"भाऊ, कार्डावर तुमी दोघं एकत्र. मंग ह्या दोन चुली कायच्या?"

मी म्हटलं, ती तिकडे ऊन येतं म्हणून बसली. विमलताई म्हणाल्या, "मी खोटं लिहून नेत नाई. माह्या नोकरीचा सवाल हाय. एकत्र हाय तं एक चूल दाखवा. नाई तं लिहून द्या का बाई येगळी राह्यते, तिचं तिलेच पाहा लागते. मंग तिचं नाव ह्या कार्डावरून काढून तिच्या एकटीच्या नावानं अर्ज चालते. दोन्ही नसंल तं मी 'अपात्र' लिहितो, आन् ते मंग कायमचं."

कागद पुढे केला. त्यावर एक रकाना होता, परित्यक्ता. मला वाचता येतं. नवऱ्यानं टाकलेली बाई.

म्हटलं, "ताई, मी टाकलं नाई तिले. तिनं टाकलं मले."

त्या म्हणाल्या, "तसा रकाना नाई भाऊ."

मी तिथेच उकिडवा बसलो. पेन हातात. हे लिहिलं की कागद ग्रामपंचायतीत जाणार, सेतूत जाणार, त्या चार ओळखीच्या लोकांपुढे जाणार ज्यांच्यासमोर मी मिशीवर हात फिरवला होता. रूपसिंगनं बायको टाकली. नाही लिहिलं तर तिचे पैसे गेले, आणि ते गेले माझ्या दाखल्यानं, हे तिला अजून ठाऊक नाही. की आहे, कोणास ठाऊक. ती काही माझ्याकडे पाहत नव्हती. भाकरी उलटत होती. चष्म्याचा दोरा कानामागे सुटून लोंबत होता.

मी ओरडूनच विचारलं, "काय लिहू मी? सांग ना."

ती म्हणाली, "खरं असंल ते लिहा."

लिहिलं. सही केली. राग एवढा होता की कागद फाटला असता. विमलताईंनी कागद घेतला आणि विचारलं, "फोन नंबर भाऊचाच ठेवू?"

तेव्हा बिजलीनं चुलीपासून नंबर सांगितला. दहाही आकडे, एकेक करून, कुठे न अडखळता. मला माहीतही नव्हतं की तिच्याकडे फोन आहे. ममतानं घेऊन दिला असणार. जिला अक्षर वाचता येत नाही, तिनं दहा आकडे पाठ केले होते. माझा नंबर तिला पाठ आहे का, हे विचारायचं राहिलं.

१४ जानेवारी
मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते. राग होता, पण तोच तो. कापूस घरात आला. वेचणाऱ्यांना मजुरी दिली, बिजलीलाही दिली, लखन देतो तेवढी. तिनं माझ्यासमोर मोजून घेतली.

तिचे पंधराशे सुरू झाले की नाही ते मला माहीत नाही. मेसेज आता माझ्याकडे येत नाही. आज संक्रांत. ती आर्णीहून आली तेव्हा चष्म्याला दोन्ही दांड्या होत्या. त्यावरून समजलो.

संध्याकाळी माझ्या चुलीवर काही शिजलं नव्हतं. गोठ्याकडून तिळाच्या भाकरीचा वास येत होता. मी माझं ताट घेतलं, कारण दुसऱ्याच्या चुलीवर जाताना आमच्यात आपलं ताट नेतात, आणि चार पावलांवर उभा राहून खोकलो. तिनं वर पाहिलं. "बसा," म्हणाली. बसलो. तिनं भाकरी वाढली, वर तिळाची चटणी. ममताच्या दवाखान्यातल्या गोष्टी सांगितल्या, मी हूं हूं केलं. दाखल्याचं सांगावं असं दोनदा ओठांवर आलं. ती म्हणाली, "नायकाच्या नातीच्या लगनाची तारीख ठरली. तो फेटिया तिचाच होता." मला कुठे माहीत होतं?

जेवून झालं. दुसऱ्याच्या चुलीवर जेवला की आपलं ताट आपण घासायचं, हीही रीतच. घासायला राख पाहिजे. ती राख कुठे ठेवते, मला ठाऊक नव्हतं. इकडे तिकडे पाहिलं. मग मागितली.

तिनं दिली. कायले, असं नाही विचारलं.